ताटाखालची नोट

आमच्या साडूंना स्वतःच्या पैशाने चहा पाजलेला माणूस अख्ख्या खानदेशात एकाखेरीज दुसरा सापडायचा नाही. आणखी कुणी तसा दावा करत असेल तर त्याला खुशाल माझ्याकडे धुळ्याला पाठवा. मी त्याला तोंडावर खोटारडा म्हणेन आणि वर जेवू घालीन. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहणार चोपडा, धंदा केळीचा, अंगात पांढरा नेहरू शर्ट आणि त्याच्या आत खास शिवून घेतलेली बंडी. त्या बंडीला चोरखिसे इतके, की बंडी कुठे संपते आणि खिसा कुठे सुरू होतो हे शिवणाऱ्या शिंप्यालाही सांगता यायचं नाही. सगळा गाव त्यांना आबा म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. माणूस सोन्यासारखा. पण चारचौघांत बिल द्यायची वेळ आली की या सोन्यासारख्या माणसाच्या अंगात काहीतरी संचारतं, आणि मग समोर साडू आहे, व्याही आहे की तालुक्याचा पुढारी आहे, हे ते बघत नाहीत.

बिलावरून 'मी देतो, मी देतो' अशी झोंबाझोंबी आपल्याकडे कोण करत नाही? पण ती लुटुपुटूची असते. दोनदा हात धरायचा, तिसऱ्यांदा सोडायचा. आबांना हा खेळ मान्य नाही. ते लढाईला उभेच राहत नाहीत, लढाई आधीच जिंकून येतात. हॉटेलात शिरल्यावर आपण पंख्याखालचं टेबल शोधत असतो, तेवढ्यात आबा गल्ल्यावर पोचलेले असतात. चोरखिशातून एक मोठी नोट काढायची, कपाळाला लावायची, मालकासमोर ठेवायची आणि हळूच सांगायचं, "हाई जमा राहू दे. आम्हना टेबलना पैसा दुसरा कोनाकडथीन लेऊ नको." मग हात धुऊन, जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने येऊन बसायचं. जेवण होतं, आपण खिशात हात घालून ऐटीत गल्ल्याकडे जातो आणि मालक आपल्याकडे दयेने बघतो.

चोपड्यापासून धुळ्यापर्यंतच्या हॉटेलवाल्यांना हा नियम तोंडपाठ आहे. सोनगीरला हायवेवर, किल्ला दिसतो त्या अंगाला, एक हॉटेल आहे. तिथे आबांना एक कप चहा पाजावा ही माझी फार जुनी इच्छा. मी धुळ्याच्या एका कॉलेजात हेडक्लार्क होतो, अगदीच फाटका माणूस नव्हतो. पण सोनगीरच्या त्या हॉटेलात माझ्या पगाराला काडीची किंमत नव्हती. एकदा तर मी आदल्या दिवशीच जाऊन मालकाच्या हातात पैसे ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी चहा पिऊन विजयी मुद्रेने उठलो, तर मालकाने माझेच पैसे माझ्या हातावर ठेवले. "आबानी मागला महिनामाच सांगी ठेवेल शे," तो म्हणाला, "तुम्हनं लेता येत नही." आबा तिकडे बशीत चहा ओतत होते आणि किल्ल्याकडे बघत होते.

इथपर्यंत हसायला ठीक आहे. पण याच खोडीने त्यांच्या घरात एक गाठ बसली होती, आणि ती काही केल्या सुटत नव्हती. आबांची एकुलती एक मुलगी सोनल. तिला एरंडोलच्या घरात दिली. जावई शिकलेला, पुण्यात नोकरीला. आता लेकीच्या घरचं फुकट खायचं नाही ही आबांच्या घराण्याची रीत. जुन्या लोकांत पुष्कळ घरी होती ती. काळाबरोबर सैल झाली. आबांनी मात्र ती सुताएवढी सैल होऊ दिली नाही. लेकीकडे गेले की जेवायचे, हात धुवायचे आणि उठताना ताटाखाली नोट सरकवून द्यायचे. सोनल आधी हसायची, मग रागवायची, मग नोट परत आबांच्या बॅगेत टाकायची. चालायचं. पण एकदा जावयाची नोकरी गेली. बरेच महिने दुसरी मिळेना. आबांना कुठून तरी कळलं. ते पुण्याला गेले, जेवले, आणि उठताना ताटाखाली एक नोट न ठेवता अख्खं पुडकं ठेवून आले. ताट उचलायला नेमका जावईच वाकला.

तो काही बोलला नाही. बोलली सोनल. "आबा, हे घर आहे, खानावळ नाही," म्हणाली. आबा पायात चपला घालून खाली उतरले ते थेट चोपड्याला. त्यानंतर मुलीचा फोन यायचा तो आईला. आबा शेजारी बसून वर्तमानपत्र वाचायचे, आणि फोन संपेपर्यंत त्यांचं पान उलटायचं नाही. पुढे जावयाला परदेशात चांगली नोकरी लागली, दोघं हॉलंडला गेली, तिकडे घर घेतलं, तरी बापलेकीचं बोलणं बंद ते बंदच. अक्का, म्हणजे आमच्या मोठ्या मेव्हणीबाई, माझ्या बायकोपाशी रडायच्या आणि आबांपाशी भांडायच्या. दोन्हीचा उपयोग शून्य.

मग एक दिवस सोनलने निरोप दिला. नव्या घरी या, दोघंही या. पण एक अट: आबांनी ताटाखाली काही ठेवायचं नाही. ठेवलं तर ती पुन्हा ताट वाढणार नाही. आईने हे शब्दाला शब्द सांगितलं आणि वर स्वतःचं जोडलं, "या वखत काही चुकलं तं मी बी तठेच राही जासू." आबांनी मान हलवली. होकार होता की नाही हे कुणालाच कळलं नाही. इंग्रजी बोलायला कुणीतरी हवं म्हणून मला सोबत घ्यायचं ठरलं. माझी बायको तोवर चोपड्याला राहणार होती. माझं विमानाचं तिकीट मी काढेन असं मी म्हणालो, तेव्हा ते आधीच काढून झालं होतं, हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

तर अशी ही कोंडी. आबांना लेकीचं फुकट खायचं नव्हतं, आणि पैसे दिले तर लेक कायमची तुटणार होती. चोपड्याच्या त्यांच्या माडीवर बसून त्यांनी यावर तोड काढली, आणि ती मला मुंबईच्या रस्त्याला लागल्यावर सांगितली. पहिली तोड म्हणजे सोबतच्या दोन मोठ्या बॅगा. त्यात कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, डाळी, तिखट, शेंगदाण्याचं कूट आणि पापड भरलेले. "पीठ आपलं, डाळ आपली. मंग फुकट कोठे?" त्यांनी विचारलं. "आणि गॅस?" अक्का म्हणाल्या. यावर आबा कसाऱ्याचा घाट येईपर्यंत गप्प होते. दुसरी तोड म्हणजे बाहेरची सगळी जेवणं, सगळी तिकिटं, सगळे चहा आपण द्यायचे. त्यासाठी बँकेतून परदेशात चालणारं कार्ड काढून आणलं होतं. मी माझंही कार्ड घेतलं होतं. ते त्यांनी विमानतळाच्या दारात माझ्या हातातून काढून घेतलं आणि परत जाणाऱ्या ड्रायव्हरकडे दिलं. "तुनं कार्ड राहिनं तं तू देशीच," ते म्हणाले. म्हणजे तीन माणसं साता समुद्रापार निघाली आणि तिघांत मिळून कार्ड एक.

सोनलने दार उघडलं तेव्हा बापलेक एकमेकांकडे बघतच राहिले. तिने वाकून नमस्कार केला. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वाळी गयी." लेक वाळली, बस, एवढंच. पण अक्कांनी माझ्याकडे बघून डोळे पुसले, आणि मलाही जरा सुटल्यासारखं वाटलं.

ते फार टिकलं नाही. त्या घरातलं एकेक जेवण म्हणजे परीक्षा होती. आबा ताटावर बसले की सोनल भाकरी वाढता वाढता त्यांच्या हातांकडे बघायची, अक्का सोनलकडे बघायच्या आणि मी माझ्या आमटीत बघायचो. आबांचा डावा हात बंडीकडे जायचा; नुसती खाज आली म्हणून गेला तरी टेबलावरचे सगळे चावायचे थांबायचे. आबा फक्त चोपड्याच्या पिठाची भाकरी खायचे. भाताला नाही म्हणायचे, तिकडच्या दुधाला नाही म्हणायचे, फळांना हात लावायचे नाहीत. जावई प्रेमाने केळी पुढे करायचा, तर आबा केळ बोटाने दाबून बघून सांगायचे, "घाई करी पिकाडेल शे," आणि परत ठेवायचे. ठेवण्याचं खरं कारण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. सोनल पीठ मळताना डब्यात डोकवायची, मीही डोकवायचो. पीठ रोज खाली जात होतं आणि मला भीती होती ती ते संपेल त्या दिवसाची.

बाहेर मात्र आबा राजे होते. ते कार्ड त्यांनी दोरीने गळ्यात अडकवलं होतं. पैसे द्यायची वेळ आली की दोरीतून काढायचं, कपाळाला लावायचं आणि यंत्राला टेकवायचं. यंत्र पिऽ असं वाजायचं. पहिल्यांदा वाजलं तेव्हा ते दचकले. "गया?" त्यांनी विचारलं. गेले, मी म्हणालो. त्यांनी कार्ड उलटसुलट करून बघितलं. "पैसा गया, पन हातले काही समजनंच नही," म्हणाले, आणि तोंड जरा उतरलंच त्यांचं. आयुष्यभर नोट बोटांनी चाळून, समोरच्याच्या तळहातावर दाबून देणारा हा माणूस; त्याला त्या पिऽ आवाजात दिल्याचं सुख कुठून मिळणार? तरी एकाही ठिकाणी त्यांनी जावयाला पुढे होऊ दिलं नाही. जावई हसून बाजूला व्हायचा. पण त्याचं हसणं रोज थोडं थोडं कमी होत होतं. ते आबांना दिसत नव्हतं, मला दिसत होतं.

पीठ संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी जावयाने आम्हाला त्याच्या ऑफिसजवळ जेवायला बोलावलं. शहर आगगाडीने अर्ध्या तासावर. सोनलने स्टेशनवर सोडलं, आबांनी कार्डाने जायची तिकिटं काढली. "परतनं परत येताना काढसूत," म्हणाले. जेवणाची जागा लहानशी, कालव्याच्या काठावर, आत दहाएक टेबलं आणि गल्ल्यावर एक सोनेरी केसांची मुलगी. जावई ऑफिसातून आला, आम्हाला आत घेऊन गेला, खुर्च्या ओढू लागला. मी सहज मागे बघितलं तर आबा गल्ल्यावर. गळ्यातून कार्ड काढलं, कपाळाला लावलं, त्या मुलीसमोर ठेवलं आणि सोनगीरला म्हणतात तेच, त्याच हळू आवाजात, तिला सांगितलं. मुलीने कार्ड घेतलं, आबांच्या हातावर हात ठेवला, काहीतरी गोड बोलली. आबा हात धुऊन येऊन बसले. चेहऱ्यावर तोच जुना समाधानी भाव. मला वाटलं, चला, हिलाही समजलं, जगात गल्ला सगळीकडे सारखाच.

जेवण छान झालं. आबा त्या दिवशी पोटभर जेवले. कारण पैसे त्यांचे होते. जावयाला चोपड्याच्या केळीच्या गाड्या कशा भरतात ते सांगितलं, सासरा-जावई मोकळेपणी बोलताना मी कितीतरी दिवसांनी बघत होतो. मग आबा हात धुवायला गेले. जावई उठून गल्ल्यावर गेला, मोबाईल यंत्राला टेकवला, आणि यंत्र पिऽ वाजलं. त्याच क्षणी आबा बाहेर आले.

तो चेहरा मी विसरणार नाही. चार पावलांवर जावई उभा, हातात पावती. त्या मुलीने आबांकडे बघून हात हलवला, हसली. आबांच्या आजवरच्या आयुष्यातला हा पहिला पराभव, आणि तो जावयाकडून, ज्याच्याकडून व्हायलाच नको होता त्याच्याकडून. ते तसेच दाराबाहेर पडले आणि कालव्याच्या कडेने चालू लागले. जावई घाबरला. "काका, त्यांना राग आला का?" मला विचारलं. त्याची जेवणाची सुट्टी संपत आली होती. मी सांभाळतो म्हणालो आणि त्याला ऑफिसला पाठवलं. अक्का आणि मी आबांच्या मागे जवळजवळ पळत स्टेशनवर पोचलो. आणि तिकिटाच्या यंत्रासमोर उभं राहून आबांनी गळ्यातली दोरी ओढली, तर दोरीला काहीच नव्हतं.

आम्ही उलट पावली गेलो. जागा बंद झालेली. दुपारचं जेवण आटपलं की संध्याकाळपर्यंत कुलूप, अशी पाटी. आबा काचेला कपाळ लावून आत बघत राहिले. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, गल्ल्यावर कुणी नाही. खरा घोटाळा काय झाला ते दुसऱ्या दिवशी कार्ड आणायला गेलो तेव्हा कळलं. तिकडे जेवणाआधी पैसे जमा ठेवायची पद्धतच नाही. त्या मुलीला वाटलं, या म्हाताऱ्या गृहस्थांना दारात कुणाचं तरी पडलेलं कार्ड सापडलं आणि ते प्रामाणिकपणे आणून देत आहेत. तिने त्यांचे आभार मानले आणि कार्ड हरवलेल्या वस्तूंच्या खणात जपून ठेवलं.

परत स्टेशनवर आलो. अक्कांना साखरेचा त्रास. एवढ्या धावपळीने साखर एकदम उतरली, त्यांना घाम फुटला आणि त्या बाकावर बसल्या त्या उठेनात. "काहीतरी गोड द्या," मी म्हणालो. आबांनी बंडीतून एक नोट काढली. निघताना चोपड्याहून बदलून आणलेली, युरोचीच, चांगली मोठी. ती घेऊन चहाच्या स्टॉलवर गेले. स्टॉलवरच्या माणसाने मान हलवली: इथे फक्त कार्ड. आबांना वाटलं नोट कमी आहे. त्यांनी दुसरी काढली. त्याने पुन्हा मान हलवली. शेजारी पावाचं दुकान होतं, तिथेही तेच. तिकिटाच्या यंत्राला तर नोट घालायला फटच नव्हती. आबा त्या स्टेशनात नोट हातात धरून एका दारातून दुसऱ्या दारात जात होते, आणि त्यांच्याकडून पैसे घ्यायला कुणीही तयार नव्हतं. खानदेशात ज्याने कुणाला कधी खिशात हात घालू दिला नाही, त्याचा पैसा तिथे कागद होऊन बसला. मला रडू येत होतं, आणि राग तर प्रचंड येत होता, माझं कार्ड ड्रायव्हरबरोबर परत पाठवणाऱ्या या माणसाचा.

"जावयांना फोन करतो," मी म्हणालो.

"त्यानी जेवन दिधं. आते तिकीट बी त्यानीच?" आबा म्हणाले. "फोन करशी तं मी पायी जासू."

अक्कांनी डोळे मिटूनच सांगितलं, "पाव्हणा, सोनलले लावा फोन. यास्नं ऐकू नका." मी लावला. आबा दुसरीकडे तोंड करून उभे राहिले.

सोनल पुढच्या गाडीने आली ती पळतच. आधी आईला गोड सरबत पाजलं, कपाळ पुसलं, ओढणीने वारा घातला. अक्कांच्या तोंडावर रंग आला. मग यंत्रापाशी जाऊन तिकिटं काढली, आणि त्याच स्टॉलवरून कागदी कपांत चहा घेऊन आली. मला दिला, आईला दिला, आणि एक कप आबांपुढे धरला.

आबांनी हात पुढे केला नाही. त्यांचा डावा हात बंडीत गेला आणि ती नोट बाहेर आली. सोनलने नोटेकडे बघितलं. अक्कांनी माझी बाही घट्ट धरली. मी मनात म्हटलं, संपलं सगळं.

"आबा, ती आत ठेवा," सोनल म्हणाली. कप तिने तसाच पुढे धरून ठेवला.

"बेटीना घरनं फुकट खानं नही," आबा म्हणाले. "मना बाप सांगी गया."

"मग मी तुमच्या घरी खाऊन लहानाची मोठी झाले, त्याचे पैसे कुठल्या ताटाखाली ठेवू?"

गाडी आली, माणसं उतरली, चढली, गाडी गेली. आमच्यापैकी कुणी हललं नाही.

"तुम्ही पुण्याला ते पैसे ठेवलेत ना," सोनल पुढे म्हणाली, "तेव्हा आमच्याकडे खरंच काही नव्हतं. तुम्ही येणार म्हणून मी शेजारणीकडून वाटीभर तूप मागून आणलं होतं. तुमच्या वरणावर घातलं. पैसे नको होते मला आबा. तुम्ही बोटं चाटून म्हणाला असतात, तूप चांगलं आहे, तर मला पुरलं असतं."

आबांनी तिच्याकडे बघितलं. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना त्या तुपाची चव आठवत होती, किंवा आठवत नव्हती म्हणून ते कासावीस झाले होते. मग त्यांनी ती नोट घडी करून बंडीत परत घातली, दोन्ही हातांनी कप घेतला आणि चहा प्यायला लागले. चहाला बशी नव्हती, साखर नव्हती, दूध नावाला होतं; माझ्याच्याने तो दोन घोटांपलीकडे गेला नाही. आबांनी थेंब ठेवला नाही. रिकाम्या कपाकडे बघत म्हणाले, "चांगला शे." आणि सोनल त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून भर फलाटावर हमसाहमशी रडली.

त्या संध्याकाळी तिने भरीत केलं. तिकडची काळी वांगी, जळगावच्या हिरव्या वांग्याची सर त्यांना कुठली, पण तिने ती गॅसच्या जाळावर भाजून, मिरच्या आणि लसूण ठेचून केलं. चोपड्याचं पीठ संपलं होतं, म्हणून सोबत भात आणि तिकडच्याच पिठाची पोळी. आबांनी सगळं खाल्लं. भात दोनदा घेतला. जावयाने केळ पुढे केलं, तेही घेतलं, आणि घाईने पिकवण्याबद्दल काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर सगळे त्यांच्याकडे बघत असताना त्यांनी स्वतःच ताट उचललं, दोन्ही हातांनी उंच धरलं आणि खालचं टेबल सोनलला दाखवलं. "देख. काही नही," म्हणाले. जावई इतका जोरात हसला की मला त्याचं हसणं पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाटलं.

परतीला मुंबईहून गाडीने निघालो. धुळ्याला माझं घर वाटेतच होतं, पण बायको चोपड्याला, म्हणून मीही पुढे. सोनगीर आलं. ड्रायव्हरने न विचारताच गाडी त्या हॉटेलाशी लावली. मी सवयीने पंख्याखालचं टेबल धरलं आणि सवयीनेच गल्ल्याकडे बघितलं. तिथे आबा नव्हते. ते माझ्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसले होते, किल्ल्याकडे तोंड करून.

चहा आला, पिऊन झाला. मी उठून गल्ल्यावर गेलो. मालकाने नेहमीसारखी मान हलवली, "तुम्हनं लेता येत नही." आणि आबांकडे बघितलं. आबांनी तिथूनच हात वर केला. "ले रे," म्हणाले. "त्याले देऊ दे."

मालक थक्क झाला. मी त्याहून जास्त. इतकी वर्षं ज्या घटकेची वाट बघितली ती आली, आणि मला अजिबात आनंद होईना. उलट त्यांनी झटकन उठावं, मला ढकलावं, चोरखिशात हात घालावा असं वाटायला लागलं. मी नोट काढली. का कोण जाणे, आधी कपाळाला लावली, मग दिली.

गाडीत बसल्यावर आबांनी काच खाली केली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सोनलनं तोंड देखं व्हतं तू? मी चहा पिधा तव्हय?"

"बघितलं ना," मी म्हणालो.

"पाजनाराले एवढं बरं वाटस, हाई मले ठाऊक व्हतं," आबा म्हणाले. "म्हनीसन तं मी कोनले देऊ देत नव्हतो. एवढं बठ्ठं सुख मी एकलाच लेत राहिनू."

आता सोनल दर सुट्टीला येते, आबाही जमेल तेव्हा तिकडे जातात, आणि ताटाखाली काही सापडत नाही. सोनगीरला आम्ही अजून थांबतो. खोड काही पुरती गेलेली नाही; आबा उतरले की अजूनही गल्ल्याची वाट धरतात. फक्त अर्ध्यावर एकदा मागे वळून बघतात, आणि मी उठलेला दिसलो तर हळू चालायला लागतात. ते माझ्यासाठी हळू चालतात की गुडघ्यांमुळे, हे मी त्यांना विचारलेलं नाही.